बाईंचं बांधलेलं बोट

बाईंना राग आला की त्या हसतात. ही खोड नवऱ्याला कळायला लग्नानंतर महिना लागला. सरकारी शाळेतल्या पहिलीच्या पोरांना ती पहिल्याच दिवशी कळते. वस्तीच्या सभेत मात्र कुणाला पत्ता नव्हता. म्हणून टाइल्सचे दुकानदार शेठ बिनधास्त बोलत सुटले होते आणि शेवटच्या रांगेत बाई गालातल्या गालात हसत होत्या.

शाळा बंद करून तिथे गाड्या लावायची सोय करायची, असा अर्ज तयार होता. सभेने फक्त हात वर करायचे बाकी होते. शाळेत मुलं एकतीस. त्यातल्या निम्म्यांना दुसरी शाळा परवडणारी नव्हती, ती सरळ घरी बसली असती.

शेठ एकेक बोट दुमडत होते. "एक, सरकारी मास्तर उशिरा येतात. दोन, आले की चहा ढोसतात. तीन, यांनाच गणित येत नाही. चार, शिकवा नाहीतर झोपा, पगार चालूच. आणि पाच, या शाळेतून आजवर एक तरी धड माणूस निघालाय का? मी बघा, स्वतःच्या हिमतीवर शिकलो!"

बाईंचं भाषणाकडे लक्षच नव्हतं. त्या बोटांकडे बघत होत्या. करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग एकदम अंगठा. तर्जनी ताठ, ती सगळ्यात शेवटी. असं जगात कोण मोजतं? फक्त एका वर्षीची पहिली. त्या वर्षी शाळेच्या कपाटाच्या दारात बाईंची तर्जनी चेंगरली होती. पट्टी बांधलेलं बोट दुमडेना, म्हणून त्या ते वगळून आकडे शिकवत राहिल्या. पट्टी सुटली, पण पोरांची सवय काही सुटली नाही. ती मोडता मोडता बाईंच्या नाकी नऊ आले, आणि शेवटी त्यांनीच हात टेकले.

"शेठ, मागे नीट ऐकू आलं नाही हो," बाई उठून म्हणाल्या. "पहिल्यापासून मोजता का?"

शेठना काय, तेच हवं होतं. त्यांनी पुन्हा एक-दोन सुरू केलं.

"थांबा, चारवरच थांबा. आता शिंपीदादा, नर्सताई, तुम्ही पण चारपर्यंत मोजा बरं."

दोघंही त्याच तुकडीतली. सभेत तीन हात वर झाले आणि तीन तर्जन्या ताठ उभ्या राहिल्या. नर्सताई आधी हाताकडे, मग शेठच्या मिशीकडे बघतच राहिली. "अगं बाई! हा तर आमचा शेंबड्या! वडिलांची बदली झाली म्हणून दुसरीत असताना शाळा सोडून गेला होता तो!"

मग जो हशा पिकला, तो बाईंनी मनसोक्त पिकू दिला. पहिलीच्या वर्गातही त्या तेच करतात.

"चहाचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "दोनदा पितो आम्ही. कामचुकारही आहेत आमच्यात. एक तर माझ्याच शेजारच्या वर्गात बसतो. त्याची तक्रार लिहा, पहिली सही माझी. पण त्याच्या एकट्यापायी आम्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आणि मोजायचंच असेल, तर निदान मोजायला कुणी शिकवलं ते तरी आठवा."

शेठनी टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात कोंबला. मग खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेशी आले. एवढा मोठा माणूस, पण मान खाली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ते बोट बरं झालं ना?"

"माझं पंधरा दिवसांत झालं रे," बाई म्हणाल्या. या वेळी त्या रागावून हसत नव्हत्या. "तुझंच अजून दुमडायचं राहिलंय."