अहो बाईंचा ब्लॉग

आमच्या मराठीच्या बाई कॉम्प्युटरला ‘अहो’ म्हणायच्या. पडदा उजळायला वेळ लागला की खुर्ची पुढे ओढून समजुतीच्या सुरात म्हणायच्या, “अहो, उघडा ना आता. पोरं खोळंबलीत.” आम्ही तोंड दाबून हसायचो. एकदा कुणीतरी धीर करून विचारलंच, तर म्हणाल्या, “ज्याची भीती वाटते त्याला अहो-जाहो करावं. भीती गेली की अरे-तुरे आपसूक येतं. माझी अजून गेली नाही.” तेव्हापासून त्यांचं नाव ‘अहो बाई’च पडलं.

शाळा नवी मुंबईतल्या पावणे गावात, कारखान्यांच्या मधोमध. आम्ही साताऱ्याकडचे, वडील बाजारात माथाडी. वर्गातले बाकीचे कुणी मराठवाड्यातले, कुणी तिथल्याच आगरी घरांतले. शाळेत आठ कॉम्प्युटर होते आणि आठांवर फुलाफुलांची कव्हरं. ती फक्त तपासणीच्या दिवशी निघायची. बाई आल्या त्या वर्षी त्यांनी किल्ली मागून घेतली, कव्हरं घरी नेली, धुतली आणि परत आणलीच नाहीत. आठांतले पाच चालू झाले. एकेका कॉम्प्युटरवर तिघंजण बसवले: एकाने सांगायचं, एकाने टाइप करायचं, तिसऱ्याने चुका पकडायच्या. टाइप करायला बाई आमच्याबरोबरच शिकल्या, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत.

वर्गाचा ब्लॉग सुरू झाला तेव्हा पहिला विषय होता ‘माझी आई’. आम्ही सगळ्यांनी गाइडमधला निबंध उतरवला. बाईंनी एकामागून एक वाचले आणि चष्मा काढला. “पंधरा जणांची आई एकच आहे का रे? सगळ्यांची पहाटे उठते, सगळ्यांची देवासारखी आहे!” मग त्यांनी आम्हाला घरी पाठवलं, आईला आजवर न विचारलेला एक प्रश्न विचारून यायला. मी विचारलं, “आई, तुला शाळेत काय आवडायचं?” आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “पळायला,” ती म्हणाली. “तालुक्याला दुसरी आलते मी.” आई कधी पळाली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मी ब्लॉगवर लिहिलं. वडिलांनी मोबाइलवर दोनदा वाचलं आणि आईकडे बघत म्हणाले, “कधी बोलली नाहीस ती?”

“आधी खरं लिहा,” बाई म्हणायच्या, “छान नंतर करता येतं.” बोलीत लिहिलेलंही त्या तसंच ठेवायच्या.

नववीत मी खरं लिहिलं आणि गोंधळ झाला. मुलींच्या शौचालयाला पाणी नव्हतं, म्हणून त्याला कायम कुलूप. आम्ही मुली सकाळपासून घोटभरही पाणी न पिता बसायचो. डोकं दुखायचं. एक मैत्रीण प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. मी लिहिलं, ‘आम्ही शाळेत पाणी का पीत नाही’. दोन दिवसांत ते गावातल्या सगळ्या फोनवर फिरलं.

मुख्याध्यापक तरातरा कॉम्प्युटरच्या खोलीत आले. “बाई, शाळेची अब्रू वेशीवर टांगलीत! आत्ताच्या आत्ता काढून टाका हे.”

बाई माझ्याकडे वळल्या. “शीतल, यात काही खोटं आहे?”

“नाय, बाई.”

“मग एकच चूक उरते. ‘शोचालय’ नाही, ‘शौचालय’. दोन मात्रा.”

मी ती मात्रा दिली. बाई सरांना म्हणाल्या, “चूक सुधारली, सर. लिहिलं पोरीने, पण प्रसिद्ध मी केलं. काय विचारायचं ते मला विचारा.” आवाज शांत होता. हात मात्र त्यांनी पदराखाली घेतले होते, आणि मी अगदी शेजारी होते म्हणून मला ते दिसले. ते थरथरत होते.

त्या आठवड्यात आया शाळेत आल्या. माझी आई कामावर खाडा करून आली. तिने आवाज चढवला नाही, फक्त म्हणाली, “सर, तुमी दिवसभर पानी न पिता बसून बघा.” महिन्याभरात नळ आला, कुलूप निघालं. पण कॉम्प्युटरच्या खोलीला लागलं. दुरुस्ती, असं सांगण्यात आलं. आणि जूनमध्ये बाईंची उलव्याकडच्या शाळेत बदली झाली. नियमाने की शिक्षा म्हणून, ते कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांना फाटकापाशी गाठलं. दोन दिवस पाठ केलेलं वाक्य कसंबसं तोंडातून निघालं, “बाई, माझ्यामुळे झालं हे सगळं.”

“एवढी मोठी कधी झालीस गं तू?” त्या म्हणाल्या. “माझी बदली करवायला माझी जीभ पुरेशी आहे.” मग विचारलं, “आता पाणी पितेस ना शाळेत?”

“हो.”

“झालं तर मग.” आणि खांद्यावरची पिशवी सावरत त्या बसच्या दिशेने गेल्या. मागे वळून बघितलं नाही. मला त्याचा रागही आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीने एक लिंक पाठवली. उलव्याच्या शाळेचा नवा ब्लॉग. त्यावर एकच लेख होता, सहावीतल्या एका मुलीचा, चार ओळींचा. विमानतळासाठी गावासमोरचा डोंगर कापला होता, त्याबद्दल. ‘आमचे आंगनातून डोंगर दिसाचा. सूर्य त्याचे मागशी यायचा. आता सगला सपाट हाय. आजीला कलत नाय सकाल कवा झाली.’ कुणीही काही सुधारलं नव्हतं.

लेखाखालची जागा रिकामी होती. मी तिथे लिहिलं, ‘आजी आता कशी आहे?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘बरी हाय. तू कोन?’

मी लिहिलं, ‘मी पण बाईंच्याच वर्गातली.’