एक गाडी आधी जाणारा क्लेमंट

क्लेक्शॉच्या रग्बी संघाची मॅच बाहेरगावी असली, की क्लेमंट बॅराक्लफ बाकीच्या चाहत्यांच्या एक गाडी आधी निघायचा. मंडळी अकराच्या गाडीने यायची, हा दहाच्या. एकतीस वर्षांचा नेम होता त्याचा. मधल्या तासाभरात परक्या गावात पायपीट करायची आणि असा पब हुडकायचा, जिथे एल, म्हणजे जुन्या धाटणीची बिअर, अजून तळघरातल्या पिंपातच मुरते आणि लांब दांडा ओढून ग्लासात घेतली जाते. पब सापडला की स्टेशनाच्या दारात येऊन उभं राहायचं. मंडळी उतरली की तो नुसता हात वर करायचा आणि चालायला लागायचा. कुठे जायचंय, असं कुणी विचारत नसे. मांजराच्या पिल्लांसारखी सगळी त्याच्या मागे.

एके काळी ही मंडळी चाळीसएक होती, गाडीचा एक डबाच भरून जायचा. गुडघे, मधुमेह आणि मरण यांनी बाकीचे नेले. उरले तिघं. क्लेमंट, नेव्ह इलिंगवर्थ आणि नेव्हची बायको बेरिल.

क्लेमंट जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात होता. वाफाळत्या हौदावर वाकून, आम्ल किती पडलंय ते तो नुसत्या वासावर सांगायचा. साहेब लोक काचेच्या नळ्या घेऊन येईपर्यंत याचं सांगून झालेलं असायचं. पुढे गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण नाक तेवढं शाबूत राहिलं. ते त्याने एलला वाहिलं. पिंप कधी उघडलंय, नळ्या धुतल्यात की नाही, ग्लास कुठल्या साबणाने विसळलाय, सगळं तो एका हुंगण्यात ओळखायचा. एल बिघडलेली असेल तर आरडाओरडा न करता ग्लास परत नेऊन द्यायचा, ही त्या लोकांची रीत. मालकाने एक घोट घेऊन बघायचं, माफी मागायची आणि त्या दांड्यावरची नावाची पाटी पाठमोरी फिरवून ठेवायची, म्हणजे ती एल बंद. क्लेमंटने परत नेलेला ग्लास कुठल्याही मालकाने चाखूनसुद्धा पाहिला नाही, सरळ पाटी फिरवली, असं नेव्ह चारचौघांत सांगायचा आणि क्लेमंट खाली बघून बूट न्याहाळत बसायचा.

रग्बीचं त्याला तेवढं वेड नव्हतं. मॅच ही पबनंतरची गोष्ट.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला ताप आला. दहा दिवसांनी उठून चहा प्यायला, तर नुसतं गरम पाणी. त्याला वाटलं, अजून तोंडाला चव नाही, येईल. एक दिवस त्याची बायको एड्ना वरच्या मजल्यावरून धावत खाली आली.

"दूध करपून कोळसा झालंय, क्लेम! पुढ्यात बसलायस आणि कळत नाही?"

"पेपर वाचत होतो."

"पेपर उलटा आहे," एड्ना म्हणाली. मग पातेलं घासत बसली.

डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, सहा महिन्यांत येईल. मग म्हणाल्या, वर्ष लागेल. मग म्हणाल्या, काही जणांचं नाही येत. क्लेमंटने एड्नाला शपथच घातली, नेव्ह आणि बेरिलच्या कानावर हे जाता कामा नये. नाकच गेलेला माणूस एक गाडी आधी जाऊन करणार काय? आणि एक गाडी आधी जायचं नसेल, तर मग शनिवारी अंथरुणातून उठायचं तरी कशाला? हा दुसरा प्रश्न त्याने एड्नालाही सांगितला नाही.

चौदा महिने त्याने निव्वळ डोळ्या-कानांवर काढले. एल ग्लासात स्वच्छ दिसते का, फेस काचेला धरून राहतो का, गावातली जुनी खोडं काय पिताहेत, हे बघायचं आणि ठरवायचं. ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. सोंग चांगलं जमलं होतं.

त्या शनिवारी मॅच स्कॅलबेकला होती, पठाराच्या पायथ्याशी. हे गाव मॅचच्या यादीत आलं तेव्हापासून क्लेमंटच्या मनात एकच चाललं होतं. तिथल्या 'काळा मेंढा' पबात एक काळी, दाट, जुनी एल मिळायची. एकोणीस वर्षांपूर्वी प्यायला होता. करपलेल्या साखरेचा, भिजलेल्या मनुकांचा असा काही वास, की दोन दिवस कोटातून जात नव्हता. वास परत यायचा असेल तर ह्या एलने येईल, असं त्याने धरलं होतं. आणि हिनेही नाही आला तर? तर मग यायचाच नाही.

स्कॅलबेकला उतरल्यावर आधी त्याने नेमाप्रमाणे बाकीचे पब पाहिले. स्टेशनाजवळच्या पबाची पाटी तशीच लटकत होती, पण आत बिऱ्हाडं राहत होती, खिडकीत बाळाचे कपडे वाळत होते. चौकातल्या पबात दांडे होते, चांगले पितळी, घासून लखलखीत केलेले.

"कुठली आहे आज?" क्लेमंटने दांड्याकडे बोट केलं.

"ते शोभेचे आहेत, आजोबा," काउंटरवरचा पोरगेला माणूस म्हणाला. "लोक फोटो काढतात. गार लागर बिअर देऊ का?"

"फोटो काढून तहान भागत असेल तर बरं आहे," म्हणून क्लेमंट बाहेर पडला.

चढावर, चर्चच्या मागे, 'काळा मेंढा' उघडा होता. मालकीण विनी पीठ लागलेल्या हातांनी तशीच बाहेर आली. आत भट्टीत मांस भरलेले 'पाय', कणकेच्या पारीतले, भाजत होते, मॅचच्या गर्दीसाठी.

"काय देऊ, राजा?"

तीन दांड्यांपैकी दोहोंच्या पाट्या पाठमोऱ्या होत्या. एकच समोर तोंड करून होती. काळी.

"तिचा अर्धा पाइंट दे."

"तिला कोणी विचारत नाही हो आता," विनीने दांडा ओढता ओढता म्हटलं. "सगळ्यांना फिकट हवी. तुमच्यासारखं कोणी आलं की जरा बरं वाटतं."

त्याने ग्लास खिडकीकडे धरला. उजेडात कडेला लालसर झाक, फेस काचेला चिकटलेला. नाकाशी नेला. श्वास अगदी बेंबीच्या देठापासून घेतला.

काही नाही.

पुन्हा घेतला. काही नाही. ग्लास खाली ठेवणार होता, पण ओठांपर्यंत आलाच होता म्हणून एक घोट घेतला. आणि जिभेच्या दोन्ही कडांना काहीतरी टोचलं. बारीक, लख्ख. चौदा महिने तोंडात कापूस भरल्यासारखं होतं, त्यात हे टोचणं! त्याने दुसरा घोट घेतला. पुन्हा टोचलं. क्लेमंटचे डोळे भरून आले. विनी ओव्हन बघायला आत गेली होती म्हणून बरं.

अर्धा पाइंट संपवून तो उतारावरून जवळजवळ पळतच स्टेशनात आला. नेहमीसारखा हात वर केला, पण चालायला न लागता थांबला.

"काय रे म्हाताऱ्या, लॉटरी लागली का?" नेव्हने विचारलं.

"सांगतो. ग्लास हातात आला की सांगतो."

"याला तिथे कुणी बाई भेटलेली दिसते," बेरिल म्हणाली. "एड्नाला फोन करते मी."

'काळ्या मेंढ्या'त कोपऱ्यातलं टेबल धरून त्याने तीन पाइंट आणले. नेव्ह आणि बेरिलने पहिला घोट घेतला तसं त्याने सांगून टाकलं. ताप, करपलेलं दूध, डॉक्टरीणबाई, चौदा महिन्यांचं सोंग, सगळं.

"गेलं होतं नाक. पार गेलं होतं. आणि आज, ह्या काळीने, आलं बघा! वास नाही अजून, पण चव आली. येणार आता. हळूहळू येणार."

नेव्हने बेरिलकडे पाहिलं. बेरिलने ग्लासाकडे पाहिलं.

"छान आहे हं," बेरिल म्हणाली, आणि मोठा घोट घेतला.

"फर्मास," नेव्ह म्हणाला. त्याने तर अर्धा ग्लास एका दमात उतरवला, औषध घेतात तसा. मग दोघं भराभर प्यायले. क्लेमंट बोलत होता. पुढच्या महिन्यात कुठे जायचं, हॉल्टनला कालव्याकाठी एक जागा आहे म्हणे, असं कितीतरी. इतकं तो दोन वर्षांत बोलला नव्हता.

ग्लास रिकामे झाले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा गावातला एक दणकट गडी उठला. त्याने त्यांचं बघूनच काळी मागवली होती. एक घोट घेतलेला पाइंट त्याने काउंटरवर ठेवला.

"विनी, ही गेली गं. व्हिनेगर झालंय नुसतं."

विनीने चमच्यात घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं. "सोमवारी उघडलेलं पिंप, कोणी प्यायलाच नाही. माफ कर, लाडक्या." तिने पाटी फिरवली. मग तिला कोपऱ्यातलं टेबल आठवलं आणि ती हात पुसत लगबगीने आली.

"अगंबाई, तुम्हालाही तीच दिली ना मी? ओतून टाका, बदलून..." ती थांबली. टेबलावर दोन रिकामे ग्लास होते, एक जवळजवळ रिकामा. "तुम्ही संपवलीत?"

विनीला काय कळलं कोण जाणे, पण ती ग्लास उचलून मुकाट्याने गेली.

टोचत होतं ते व्हिनेगर होतं. जिभेचं काय, आंबट कोणालाही कळतं, तान्ह्या पोरालाही. नाक जिथे होतं तिथेच होतं, म्हणजे कुठेच नव्हतं.

"तुला कळलं होतं?" क्लेमंटने नेव्हला विचारलं.

"पहिल्याच घोटाला."

"मग प्यायलास कशाला?"

"तू एवढा खुश होतास, काय करणार?"

क्लेमंटने टेबलावरचा ग्लासाचा ओला गोल बोटाने पुसला. "आणि याआधी?"

नेव्ह खिडकीबाहेर बघू लागला. बेरिलनेच सांगितलं. तिला खोटं एका बैठकीत एकदाच जमायचं.

"गेल्या उन्हाळ्यात ब्रॅमशॉला ग्लासाला साबण होता, क्लेम. डिसेंबरात शिळी होती. कर्कबीच्या वेळी नेव्हला दोन दिवस संडासातून बाहेर येता येईना."

"गेल्या उन्हाळ्यापासून कळत होतं?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

"आणि सगळं पीत होतात."

"तू स्टेशनाच्या दारात हात वर करून उभा असायचास," नेव्ह म्हणाला.

विनीने मांसाचे तीन 'पाय' आणून ठेवले, पैसे नको म्हणाली. नेव्ह आणि बेरिलने खाल्ले. क्लेमंटनेही खाल्ला, कारण गरम होता.

मग ते मैदानावर गेले. वारा पठारावरून सरळ अंगावर येत होता. मध्यंतरापर्यंत क्लेक्शॉ बावीस-सहाने मागे पडलं होतं. नेव्ह पंचांना नावं ठेवत होता, पण त्यात जीव नव्हता. उत्तरार्ध सुरू झाला तसं सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पंधरवड्याने हॉल्टन, नाही का? कुठे जायचं रे मग आपण?"

बेरिलने त्याच्या पायावर पाय दिला. क्लेमंटने मैदानावरची नजर काढली नाही.

"मैदानात चहा मिळतो म्हणे तिथे."

"मिळतो," बेरिल म्हणाली. "बरा असतो."

क्लेमंटने मान हलवली. अजून अर्ध्या तासाचा खेळ उरला होता. तिघंही समोर बघत राहिले.