बाळाला न्हाऊ घालणारा वेल्डर

मारेगावात आमच्या शेजारी एक वेल्डर राहायचा. कुठल्याही लोखंडाला हात लावण्याआधी तो पालथा हात जवळ नेऊन धग बघायचा. चहाच्या कपाचीही तशीच बघायचा, आणि मग म्हणायचा, "बराबर हाये."

जर्मनीत कामाचा व्हिसा मिळाला तेव्हा त्याच्या बायकोला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, असं त्याच्या सासूनं बजावलं. बायको मात्र सोबतच जाणार म्हणून बसली. तो सासूशी भांडला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या नातीच्या आंघोळीच्या वेळेला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभा राहिला.

"काकू, मले शिकवा. तिथं नळाले गरम पाणी हाये, पण बाळाले घ्याले पाय कोनाचे?"

आम्ही बायका खूप हसलो. तो पाटावर बसला, पाय लांब केले. ठिणग्यांचे डाग पडलेल्या त्या नडग्यांवर मी नातीला पालथं निजवलं. पाय जराही हलले नाहीत.

मग तो रोज यायला लागला. जायच्या आदल्या दिवशी सासू लेकीला घेऊन बघायला आली. त्यानं विसणलेल्या पाण्यात तिनं पालथा हात बुडवला, आणि लेकीकडे न बघताच म्हणाली, "बराबर हाये."