कीबोर्डखालचा डाग

हे माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर नाही, दारू पिऊनसुद्धा नाही — आणि दारू प्यायलो की मी पुष्कळ बोलतो. तुम्हाला लिहून सांगतोय म्हणून तुम्ही माझ्यावर उपकार करताय असं समजू नका. ऐकायचं तर ऐका. फक्त मध्येच ‘जाऊ द्या हो, होतं माणसाकडून’ असं म्हणायचं नाही. तेवढं आधीच बजावून ठेवतो.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मशिनं मी फारशी हातात घेत नाही. जुनी — जाड, वजनदार, बिजागऱ्या कुरकुरणारी, कंपनीनं ज्यांचे पार्ट बनवणं कधीच सोडून दिलंय अशी — ती माझ्याकडं येतात. आधी चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, पॉवरचं बटण दाबून धरायचं. आत साठलेला करंट उतरतो. मग रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासायच्या. कितीतरी मशिनं एवढ्यावरच उठून बसतात आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत राहतं. उरलेल्यांना मीटर लावून, भिंगातून बोर्ड बघत दोष शोधावा लागतो. हे काम मी चांगलं करतो. कबुली द्यायला बसलोय म्हणून कामात कच्चा होतो असं म्हणणार नाही. कच्चा असतो तर सोपं झालं असतं, नाही का?

इंदापूरकडच्या कळंबचे एक तात्या होते. लग्नाचं शूटिंग करायचे. त्या भागातल्या कितीतरी घरांतल्या हळदी, अक्षता, पाठवणी त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेल्या. एका दुपारी ते दुकानात आले, सोबत त्यांची सून. तिच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत जुना काळा लॅपटॉप. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा आणि विझायचा.

“ही अर्चना, आमची सून. अंथुर्ण्याची,” तात्या म्हणाले. “शूटिंगचं समदं आता हीच बघती. जोडकाम माझ्यापेक्षा झ्याक करती.” मग लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाले, “आन् ह्यात आमची कारभारीण हाय.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांचं असं होतं — सगळा जन्म कॅमेऱ्यामागं गेला, पण बायकोचं शूटिंग कधी केलंच नाही. घरचं माणूस, त्याचं काय शूटिंग करायचं? ती गेली तेव्हा भिंतीवरचा एक फोटो सोडला तर काही नव्हतं. मग तात्या जुनी लग्नं धुंडाळत बसले. कुठं पंगतीत जिलबी वाढताना ती मागं दिसायची, कुठं नवरीचा पदर सारखा करताना, कुठं अक्षता टाकता टाकता कॅमेऱ्याकडं बघून तोंड फिरवताना. हे सगळे तुकडे त्यांनी आणि अर्चनानं मिळून कापून काढले, एकामागं एक जोडले. दुसरीकडं कुठं ठेवलेले नव्हते. ह्याच लॅपटॉपात होते.

“तेवढं भाईर काढून द्या,” तात्या म्हणाले. “लॅपटॉप मेला तरी चालंल.”

बोर्ड उघडून पाहिला. म्हातारा झालेला एक कपॅसिटर शॉर्ट होता. कुणाचीच चूक नव्हती, वयानं होतं तसं. तो बदलण्याआधी आतली डिस्क काढून तिच्यातलं सगळं दुसरीकडं उतरवून घ्यायचं, ही माझी पद्धत. डिस्क जुन्या जातीची होती, बारीक पिनांच्या दोन ओळींची. तिला जोडायच्या कन्व्हर्टरला चुकीचं बसू न देणारी खाच नसते. पिना नीट बघून, सरळ धरून बसवावं लागतं. मी हे काम अगणित वेळा केलेलं. त्या दिवशी कानाला फोन होता. इंदापूरच्या एका दुकानदाराला मी सांगत होतो की बाबा, असली जुनी मशिनं उठवणारा ह्या दोन तालुक्यांत माझ्याशिवाय कोण आहे दाखव. फुशारकी मारत होतो — आणि कन्व्हर्टर एक पिन सरकून बसवला. करंट दिला. चट् असा आवाज आला. मग वास. तो वास ओळखायला चूक होत नाही. डिस्कचं सर्किट जळालं होतं.

थांबा. ही कबुली नाही. हात सगळ्यांचे चुकतात. तात्यांना फोन करून ‘माझ्याकडून जळलं’ म्हणालो असतो तर त्यांनी आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या, मी खाल्ल्या असत्या, संपलं असतं. पुण्यात अशा जळालेल्या डिस्क सोडवणारी माणसं आहेत, हेही मला ठाऊक होतं. मग का नाही केला फोन? घाबरलो? कुणाला? साठीच्या पुढचा, किडकिडीत माणूस तो! नाही — मला फक्त ‘ह्याच्या हातनं बिघडलं’ हे वाक्य गावात फिरलेलं चाललं नसतं. एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं कारण शोधू नका. मी पुष्कळ शोधलं.

टेबलावर चहाचा ग्लास होता. तळाला थोडा गार चहा उरलेला. मी —

मी तो ग्लास उचलला. लॅपटॉपचा कीबोर्ड उचकटला आणि त्याच्या खाली, बोर्डावर, परत बसवलेल्या डिस्कच्या कप्प्यात तो चहा ओतला. सांडल्यासारखा नाही, नीट, जिथं ओघळ जाईल असं वाटतं तिथं, जपून. मग गरम हवेचं मशीन लावून वाळवला. डाग जुना दिसेपर्यंत. ह्या वेळी हात चुकला का? नाही. काम चांगलं झालं होतं.

ठरल्या दिवशी तात्या एकटेच आले. मी कीबोर्ड उचलून डाग दाखवला. म्हणालो, चहा गेलाय आत, डिस्कपर्यंत पोचलाय, आता कुठंही नेलंत तरी उपयोग नाही. पुण्याला नेली असती तर तिथं डिस्क उघडून कुणीही सांगितलं असतं की ही चहानं गेलेली नाही. म्हणून तो रस्ताही बंद केला. तात्या डागाकडं बघत राहिले. तेव्हा मी विचारलं — आवाज अगदी साधा ठेवून विचारलं — “तात्या, ह्याच्यावर काम कोण करतं?”

तिचं नाव मी घेतलं नाही. वकिलासारखं बोलायचं तर मी कुणावरही आरोप केला नाही. कळतंय ना तुम्हाला, मी काय केलं ते?

“ठिवा हितंच,” तात्या म्हणाले. “द्या फेकून.” आणि निघून गेले.

पुढच्या आठवड्यात अर्चना आली. एकटी, एसटीनं. बसली नाही. लॅपटॉप दाखवा म्हणाली. मी टाळाटाळ केली, पण तो समोरच्या फळीवरच होता. तिनं स्वतः कीबोर्ड उचलला, डागावर बोट फिरवलं, दोन बोटं एकमेकांना लावून सोडवली.

“तात्यांना शुगर हाय,” ती म्हणाली. “आमच्यात समद्यांचाच चहा बिनसाखरेचा. येगळा करत न्हाय. मग ह्यो चिकाट कसा?”

मी तिच्याकडं बघितलं. तिला काय झालंय ते सगळं कळलेलं नव्हतं, पण चहा त्यांच्या घरचा नाही एवढं कळलं होतं. तिथं बोलता आलं असतं. दुकानात तिसरं माणूस नव्हतं.

“ताई, दूध असतं ना त्यात,” मी म्हणालो. “वाळलं की चिकटतं.”

तिनं कीबोर्ड होता तसा बसवला. मग “बरं” म्हणाली आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मी आवाज चढवला असता. त्याची तयारीही होती माझी.

घरी जाऊन तिनं साखरेचं सांगितलं. तात्या म्हणाले, मग पाव्हण्यारावळ्याचा सांडला आसंल, खोली तुझ्या ताब्यात हुती. स्टुडिओची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. तिच्याशी बोलणं बंद केलं. नवऱ्यानं बापाची बाजू घेतली. ती काही महिने अंथुर्ण्याला माहेरी होती, मग परत आली. हे सगळं मला कुणी सांगितलं? तात्यांनीच. नवीन कॉम्प्युटर घेतल्यावर ते माझ्याकडंच यायला लागले ना! एकदा दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “ह्यो मानूस खरा हाय. माझ्याच घरातली चूक ह्येनं तोंडावर सांगितली.” लोकांनी माना डोलावल्या. मी पेचकस हातात घेऊन खाली बघत राहिलो. ते त्यांना विनय वाटलं असेल.

लॅपटॉप मी फेकला नव्हता. का, विचारू नका. पश्चात्ताप म्हणून नाही. माझ्याकडून जुना माल फेकला जात नाही, इतकंच. पुढं एकदा पुण्याच्या भंगार बाजारात मला अगदी त्याच जातीची, त्याच नंबरची डिस्क मिळाली. तिचं सर्किट काढून तात्यांच्या डिस्कला बसवलं. डिस्क फिरली. घरघरली आणि उघडली. त्या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू, पंगतीत वाकून वाढतेय आणि कुणाला तरी आग्रह करतेय. मी शेवटपर्यंत बघितलं. मग डिस्क खणात ठेवली आणि खण लावला.

दिली का नाही? कारण द्यायची तर सांगावं लागलं असतं. मी कायमची गेली म्हटलेली डिस्क चालू झाली म्हणजे चहाची गोष्टच खोटी, हे तात्यांना कळलं नसतं कदाचित, पण अर्चनाला कळलं असतं. तात्या त्यानंतरही यायचे. खणापासून हाताच्या अंतरावर बसायचे. एकदा म्हणाले, “आता तिचा चेहरा डोळ्यापुढं आणाय लागलो की फोटूच येतो. हलती न्हाय.” मी त्यांचा माऊस बदलून दिला.

तात्या आजारी पडले आणि गेले. डिस्क खणातच होती.

अर्चनानं आता इंदापुरात स्वतःचा स्टुडिओ टाकलाय. स्वतःच्या नावाचा, सासरच्या नावाचा नाही. कुणी दिला नाही, तिनं उभा केला. तात्यांचे दिवस झाल्यावर मी तिथं गेलो. डिस्क दिली. म्हणालो, सहज प्रयत्न करून बघितला, निघालं सगळं.

तिनं लगेच लावून बघितली. पडद्यावर सासू नवरीचा पदर सारखा करत होती. अर्चना उभ्यानंच बघत होती. “तात्यांना दिसाय पायजे हुतं ओ,” ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “कवा झाली दुरुस्त?”

“परवाच,” मी म्हणालो.

तर आता ऐका. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही, मला आजार नाही, झोप चांगली लागते. पापाचं ओझं वगैरे बोलून मी तुमचे डोळे ओले करणार नाही. मान खाली घालूनही लिहीत नाही. ज्यांना माझ्याकडं मशीन आणायचं नसेल त्यांनी आणू नये. ज्यांनी तात्यांचं ऐकून मला खरा माणूस म्हटलं, त्यांनी ते शब्द परत घ्यावेत.

आणि अर्चनाताई, हे तुमच्यापर्यंत पोचेलच. चहा माझा होता. साखरेचा होता. तो मी ओतला. आणि डिस्क परवा दुरुस्त झालेली नव्हती — तात्या माझ्यासमोर बसून तुमच्या सासूबाईंचा चेहरा आठवत होते, तेव्हा ती चालू होती.