‘खुशाल आण,’ मी म्हणालो

रियाधमध्ये मला आठ वर्षं झाली होती. एअरकंडिशनिंगची कामं करणाऱ्या एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. नवा मराठी माणूस आला की त्याला माझ्याकडे पाठवायची ऑफिसात पद्धतच पडली होती. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, पाकिटात नको, शर्टाच्या खिशात ठेव. नमाजाच्या वेळेला दुकानं बंद असतात, तेव्हा सामान आधी आण. शेवग्याच्या शेंगा बत्हाच्या बाजारात अमुक गल्लीत मिळतात. पहिले तीन महिने घरी रडकी पत्रं लिहू नकोस. हे सगळं मी फार ऐटीत सांगायचो. आपल्यावाचून लोकांचं अडतं, हे मला आवडायचं.

कुवेत पडलं त्या वर्षी दापोलीकडचा एक कोकणी मुसलमान मुलगा आमच्या स्टोअरमध्ये लागला. मुलगा म्हणजे तिशीतला, लग्न झालेला, दीड वर्षाच्या मुलीचा बाप. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. मला भाऊ म्हणायचा. दिवाळीनंतर एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. बायकोचा आणि मुलीचा व्हिसा हातात आला होता, पण लढाई होणार म्हणून गावाकडे सगळे घाबरवत होते. त्याने विचारलं, “भाऊ, आणू की नको?”

मी म्हणालो, “खुशाल आण. इथं काही होत नाही. पेपर वाचणारेच जास्त घाबरतात.”

“तुमची मंडळी इथंच आहेत ना?”

“इथंच आहेत.”

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी ती इथंच होती. पण बायकोची आणि मुलाची तिकिटं मी दिवाळीतच काढली होती आणि ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. पासपोर्टवर जाण्या-येण्याचा शिक्का लवकर मिळावा म्हणून सासूबाईंना अर्धांगवायू झाल्याचं कंपनीत सांगितलं होतं. त्याला ‘आणू नकोस’ म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. मग माझं बिंग फुटलं असतं, आणि आठ वर्षांचा जाणता माणूस भ्यायला हे चारचौघांत कळलं असतं. एवढ्यासाठी मी ते बोललो.

डिसेंबरच्या सुरुवातीला माझी माणसं पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी त्याची आली. आल्या आल्या त्याच्या बायकोने माझ्या बायकोची चौकशी केली. बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारी बाई आहे, या भरवशावर ती निघाली होती. मी सासूबाईंच्या आजारपणाचं सांगितलं. ती हळहळली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी डबा येऊ लागला.

जानेवारीत लढाई सुरू झाली आणि प्रवासी विमानं बंद झाली. आता जायचं म्हटलं तरी वाट नव्हती. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक लावलं, फटींना चिकटपट्ट्या. कंपनीने मास्क दिले ते फक्त कामगारांना. सायरन झाला की ती दोघं मुलीला घेऊन न्हाणीघरात बसत, दाराखाली ओला टॉवेल कोंबून. त्याने आपला मास्क बायकोला दिला होता. मुलीच्या मापाचा मास्क कुठेच मिळेना. वरच्या मजल्यावर मी माझा मास्क मांडीवर घेऊन बसायचो, आणि खालून त्या पोरीचं रडणं ऐकू यायचं.

एका शुक्रवारी सकाळी त्याला ड्यूटीवर बोलावलं होतं. वडिलांना फोन करायचा म्हणून त्याची बायको मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो, तेवढ्यात फोन वाजला. लागलेली लाइन तुटू नये म्हणून तिने तो घेतला. मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. आधी मोकळं, मग नुसते हुंकार. मी बाहेर आलो तेव्हा तिने फोन ठेवला होता.

“तुमच्या सासूबाई होत्या,” ती म्हणाली. “तुम्ही बरे आहात ना, एवढंच विचारायला बूथवर आल्या होत्या. रोज टेकडीवर जातात म्हणे.”

मी फोनची गुंतलेली वायर सोडवू लागलो.

“म्हणाल्या, जावई धोरणी आहेत, दिवाळीतच तिकिटं काढली म्हणून लेक-नातू सुखरूप आहेत.”

मुलीने टेबलावरचा मास्क ओढला होता. तिने तो मुलीच्या हातातून सोडवून जागेवर ठेवला. माझ्या तोंडून कसंबसं ‘भाभी’ एवढंच निघालं.

“ह्यांना सांगू नका,” ती म्हणाली. “ते तुम्हाला फार मानतात. आत्ता त्यांना कुणाचा तरी आधार हवा आहे.”

वडिलांना फोन न करताच ती खाली गेली. त्या दुपारी डबा येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. नवऱ्याला संशय येऊ नये म्हणूनच पाठवला असणार. मला तो जाईना.

त्यांना काही झालं नाही. लढाई संपली, विमानं सुरू झाली, एप्रिलमध्ये माझी बायको परत आली. ती पेढे घेऊन खाली गेली आणि भारावून वर आली. म्हणाली, “तुम्ही त्यांना किती धीर दिलात, असं तो सांगत होता.” मी विचारलं, आणि ती? “ती चहा करत होती.”

पुढची सहा वर्षं आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये काढली. त्याला खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं, पण दर वेळी तिने सांगू नको म्हटलंय, या सबबीआड लपलो. नवी माणसं तो माझ्याकडे आणतच राहिला. मी त्यांना शेवग्याच्या शेंगा कुठे मिळतात ते सांगायचो. बायकामुलांचं विचारलं की उठून जायचो.

आता आम्ही दोघंही आपापल्या गावी आहोत. ईदला त्याचा फोन येतो. भाभींना विचारलं म्हणून सांग, असं मी म्हणतो. तो ‘सांगतो’ म्हणतो. ती कधी फोनवर येत नाही.