वाळूची पिशवी
आई गेली तो सोमवार होता. दहाव्याआधी घर आवरताना तिच्या खाटेखाली वाळूची कापडी पिशवी सापडली, लुगड्याच्या काठाची पट्टी तिच्याभोवती गुंडाळलेली. नव्वदच्या सुमारास, मी कॉलेजात असताना, आईचे गुडघे झिजले आणि आखाजीला, म्हणजे पितरांना जेवू घालायच्या अक्षय्य तृतीयेला, मातीच्या खापरावर पुरणपोळी करायला तिला चुलीपुढे बसता येईना. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, खुर्चीवर बसा, घोट्याला हलके वजन बांधा आणि पाय सावकाश सरळ करा. आईने वजन बांधले, शिवाय मांडीला ही पट्टी करकचून आवळली. वावरात पाय दुखला की बाया तशीच बांधत. पाय बधिर होईल म्हणून डॉक्टरांनी ती सोडायला लावली, मग त्याच पट्टीने ती वजनाची पिशवी घोट्याला बांधू लागली. होळीपासून रोज दुपारी, पत्रे तापलेल्या ओसरीत, ती ओठ मिटून पाय उचलायची. वडील म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, यंदा बजारमाईन आनू पोया." "आना," ती म्हणायची, "पितरंले बी बजारमाच जेवाले धाडा." आखाजीला ती भिंत धरून खाली बसली आणि पुरण संपेपर्यंत हातावर पोळ्या फिरवून खापरावर टाकत राहिली. चुलीच्या धगीने चेहरा लाल झाला होता. शेवटी तिने दोन्ही हात पुढे केले. "डाक्टरनी माले बसाडं, उठाडनं तुमना हातमा शे." वडिलांनी आणि मी तिला उठवले. ती पिशवी आता माझ्या टेबलावर आहे, आणि येत्या आखाजीला पितरांची घागर आईच्या नावाने भरायची आहे.