निघोज्यातले दोन राउटर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या दापोडीतल्या गल्लीत कुणीही सांगेल. माणसांवर मी फारशी चिडत नाही. मशीन मात्र 'कनेक्शन नाही' म्हणालं की ते मला उलटून बोलल्यासारखं वाटतं, आणि ते जोडलं जाईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. धंदाही तसलाच मिळाला. हॉटेलांतली बिलिंगची मशिनं सर्व्हरला जोडून द्यायची आणि बंद पडली की जाऊन शिव्या घालत चालू करायची. वडील आयुष्यभर कंपनीत शिफ्ट करून रिटायर झाले. ते अजून पाहुण्यांना सांगतात, "पोरगी वायरिंगचं काम करते." मी त्यांना दुरुस्त करणं सोडून दिलंय.

निघोज्याचं काम एका शनिवारी फोनवर आलं. एक बाई बोलत होत्या आणि त्यांच्या मागून दुसऱ्या बाई 'हे पण सांगा, ते पण सांगा' करत होत्या. त्या दोघी जावा. चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेली पोरं निघोज्यात खोल्या घेऊन राहतात, त्यांना या दोघी डबे पुरवायच्या. डबे बंद करून त्यांनी घराच्या तळमजल्यावर हॉटेल काढलं होतं. जवळच्या एका छोट्या कंपनीला कॅन्टीन नव्हतं. तिथला सुपरवायझर एका दुपारी आख्खी शिफ्ट घेऊन जेवायला आला आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर ऑर्डरी घेता घेता असा काही गोंधळ उडाला, की जेवणाची सुट्टी संपली तेव्हा निम्मी माणसं ताटाची वाट बघत होती. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, "सोमवारी परत येतो. वेळेत झालं तर रोज इथंच. नाही झालं तर मला दुसरीकडं बघावं लागेल." ही रोजची शिफ्ट हातची गेली तर हॉटेल गुंडाळावं लागणार, हे दोघींनाही कळत होतं. म्हणून हॉलसाठी ऑर्डर घ्यायची तीन मशिनं, आणि स्वयंपाकघरासाठी सर्व्हर आणि प्रिंटर असं सगळं घेतलं होतं. हॉलमध्ये ऑर्डर दाबली की स्वयंपाकघरात तिची चिठ्ठी छापून यायला हवी होती, आणि ती येत नव्हती.

"ताई, उद्याच या," फोनवरच्या मोठ्या काकू म्हणाल्या.

"जेवायलाच या," मागून धाकट्या काकूंचा आवाज आला.

रविवारी विहारातली वंदना आटपून मी स्कूटर काढली. घर सापडायला वेळ लागला नाही. तीन मजली, पाच-सहा वर्षांपूर्वी बांधलेलं आणि मधोमध भिंत. दोन फाटकं, दोन मीटर, दोन टाक्या आणि शेजारी शेजारी दोन जिने. बांधकामाच्या वेळी जिना कुणाच्या बाजूला घ्यायचा यावरून दोघा भावांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. शेवटी जिने दोन घातले. ते इतके जवळ आहेत की दोघं एका वेळी चढले तर एकमेकांना टाळी देता येईल. अर्थात दोघं एका वेळी चढत नसत. एकाची चाहूल लागली की दुसरा खाली थांबून चप्पल झटकत राही.

जावांनी मात्र या भांडणाला काडीची किंमत दिली नव्हती. थोरल्याच्या बाजूला हॉल, धाकट्याच्या बाजूला स्वयंपाकघर आणि मधल्या भिंतीत ताटं द्यायला एक मोठी खिडकी, असं हॉटेल त्यांनी नवऱ्यांच्या नाकावर टिच्चून मांडलं होतं. मला दोघी बघताक्षणी आवडल्या.

घरं दोन म्हणून इंटरनेटही दोन, आणि राउटरही दोन. राउटर आपल्या घरातल्या मशिनांना एका मालिकेतले नंबर देतो. त्या मालिकेला आम्ही सबनेट म्हणतो. मालिका वेगळ्या असल्या की या घरातलं मशीन त्या घरातल्या मशिनाला ओळखत नाही. आता बहुतेक घरांत एक नंबरचीच मालिका असते, कुणी त्या वाटेला जात नाही. पण नेट जोडायला आलेल्या पोरानं धाकट्या काकांना सहज सांगितलं होतं, की शेजारच्यांचं एकवर आहे, तुमचंही एकवरच ठेवतो. "त्येचं एक, तर माझं शंभर कर," असा हुकूम झाला होता. पोरानं गुमान शंभर केलं. हे ऐकून मला हसू आवरेना. दोघांचं सारखंच असतं तर माझं काम आणखी किचकट झालं असतं, म्हणजे भाऊबंदकीचा एवढा तरी फायदा झाला.

सगळी मशिनं एकाच राउटरवर घेतली असती तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण 'त्याच्या नेटवर माझ्या घरातलं काही चालणार नाही' असं दोन्ही काकांनी मला वेगवेगळं गाठून, अगदी शब्दाला शब्द सारखं सांगितलं. मग मी खिडकीच्या वर माझा एक छोटा राउटर बसवला. त्याची एक केबल हॉलकडे, एक स्वयंपाकघराकडे. आता दोन्ही घरांतल्या राउटरांना फक्त एवढंच सांगायचं होतं, की पलीकडच्या घरी जायचं असेल तर या खिडकीवरून जा. थोरल्या काकांनी आपल्या राउटरचा पासवर्ड गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितला. निम्मं काम झालं. मी एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकातून आत गेले.

धाकटे काका स्वयंपाकघरात आपल्या राउटरखाली खुर्ची टाकून बसले होते, कुणी हात लावू नये म्हणून.

"काका, पासवर्ड?"

"देतो की. त्येनं मागू दे."

मी पुन्हा फिरून हॉलमध्ये. "काका, ते म्हणतात तुम्ही मागा."

"मी थोरला हाय, पोरी. मी न्हाई मागायचा."

इथं घोडं अडलं. मोठ्या काकूंनी खिडकीतून दिराला हाक मारली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत होता, त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेला. "वहिनी, तुमी काय बी मागा, एवढं सोडून," तो म्हणाला. धाकट्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि गुपचूप काही होत नाही का, असं विचारलं. एक आडवाट होती. हॉलमधली तिन्ही मशिनं एकाच नंबराआड लपवायची. करून बघितली. सर्व्हरला तिन्ही मिळून एकच मशीन वाटलं आणि त्यानं एकाला घेऊन बाकी दोघांना हाकलून दिलं. सर्व्हरच्याच पोटात हात घालावा, तर तो बिलिंगवाल्यांनी कुलूपबंद केलेला डबा, आणि त्यांचा माणूस रविवारी फोन उचलत नव्हता. दोघी काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. उद्या दुपारी शिफ्ट येणार होती.

मग माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप घेऊन सर्व्हरशेजारी फतकल मारली आणि खिडकीतून ओरडले, "मोठे काका, तुम्ही त्या मशीनवर बसा आणि काहीतरी दाबा. निदान इकडं पोचतंय का ते तरी कळू दे."

त्यांनी चहा दाबला. माझ्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली.

"आलं!" मी म्हटलं.

"हितं तर 'थांबा' म्हणतंय."

"पोचलंय, काका. सर्व्हरनं उत्तरही दिलंय. पण या घरातल्या राउटरला तुमच्या घरी यायची वाट माहीत नाही. तो उत्तर बाहेर इंटरनेटवर सोडून देतोय. कुठं भरकटतंय देव जाणे."

मग थोरल्या काकांचा आवाज आला, "म्हंजी आमी बोलतोय ते तिकडं ऐकू जातंय?"

"जातंय."

"आन् तिकडचं उत्तर?"

"येत नाही."

त्यांनी परत चहा दाबला. मग परत. लॅपटॉपवर ओळीखाली ओळ येऊ लागली. धाकट्या काकांनी खुर्ची हळूहळू सरकवत माझ्यापर्यंत आणली.

"ह्ये काय?"

"चहा."

"आन् ह्ये?"

"तोही चहाच. तुमचे दादा मागतायत."

आणखी एक ओळ आली. आणखी एक. धाकटे काका ती ओळ न् ओळ वाचत होते. शेवटी खुर्ची मागे पाडून ते उठले आणि खिडकीत तोंड घालून ओरडले, "बास की आता, दादा! आलंय, आलंय! किती येळा दाबशील?"

धाकट्या काकूंच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं.

पलीकडं खुर्ची करकरली. मग, "काय आलंय?"

"चहा!"

"मग दे की."

धाकट्या काकांनी स्वतः गॅस पेटवला. पातेलं कुठं असतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते बायकोनं हातात दिलं. चहा त्यांनी कपात ओतला, बशीत सांडला आणि तसाच खिडकीतून पुढे केला. एक हात आला आणि कप घेऊन गेला. मला इतका आनंद झाला की मघाचा राग कुठल्या कुठं पळाला.

"साखर कमी हाय," पलीकडून आवाज आला. आणि थोड्या वेळानं, "त्या पोरीला पासवर्ड दे."

धाकट्या काकांनी माझ्याकडे बघितलं. "ह्ये मागणं झालं का?"

"झालं!" दोन्ही काकू एकदम म्हणाल्या.

ते लॅपटॉपपुढे बसले. एका बोटानं काहीतरी टाइप केलं. चुकलं. दुसरं काहीतरी केलं. तेही चुकलं. कपाळावर घाम आला. खिडकीतून थोरल्या काकांचं डोकं आत आलं. "इसरला का रं?"

"न्हाई, न्हाई. आठवतोय." जरा थांबून, "इसरलो."

थोरले काका असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. एवढा पहारा ज्या पासवर्डवर, तो कुणाकडेच नव्हता. धाकट्या काकूंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली आणि मी ती राउटरच्या मागच्या बारक्या भोकात खुपसून धरली. म्हटलं, "काका, सगळं पुसलं जाईल. नेटही बंद पडेल, केबलवाला येईपर्यंत."

"पडू दे."

राउटर कोरा होऊन उठला आणि थोरल्याच्या राउटरसारखाच एकवर जाऊन बसला. दोन्ही घरं एकवर चालणार नव्हती. मी विचारलं, "परत शंभर करू?"

"दोन कर," धाकटे काका म्हणाले. "एक त्येचाच ऱ्हाऊ दे."

मी दोन केलं, मशिनांना नवे पत्ते दिले, परतीची वाट सांगितली आणि एंटर दाबलं. भिंतीवरचा प्रिंटर खाकरला आणि थांबेचना. हॉलमधल्या मशिनात अडकून पडलेले सगळे चहा एकापाठोपाठ एक छापून आले, वीतभर, हातभर. मोठ्या काकूंनी ती पट्टी गळ्यात घालून मिरवली. मग सगळ्या गल्लीला चहा झाला, मला जेवण झालं, आणि वर घरी न्यायला ठेच्याची बाटली.

सोमवारी माझी तिथं काही गरज नव्हती. तरी गेले. शिफ्ट आली, हॉल गच्च भरला. वेटर दोन ठेवले होते, पण थोरले काका कुणाला मशीनला हात लावू देईनात. प्रत्येक ऑर्डर ते स्वतः दाबत आणि दाबली की खिडकीकडे तोंड करून ओरडत, "आलं का रं?"

"आलं, दादा!" चिठ्ठी फाडत धाकटे काका आतून ओरडत.

पिठलं-भाकरी, "आलं का रं?" "आलं, दादा!" मसूर, जादा कांदा, "आलं का रं?" "आलं, दादा!" चिठ्ठी समोर छापून येत होती, ताटं भराभर खिडकीतून बाहेर जात होती, तरी प्रत्येक वेळी तेच. कामगार आधी दचकले, मग हसू लागले, शेवटी एका टेबलानं धाकट्या काकांच्या आधीच 'आलं, दादा' म्हणून टाकलं. सुट्टी संपायच्या आत सगळ्यांचं ताक पिऊन झालं होतं. सुपरवायझर हात पुसत काउंटरवर आला आणि म्हणाला, "उद्यापासून रोज."

मी धावत स्वयंपाकघरात जाऊन ते सांगितलं. धाकट्या काकूंनी माझा गालगुच्चा घेतला, हाताला पीठ होतं तसंच. भिंतीपलीकडून अजून एक आरोळी आली आणि इकडून तिला उत्तर गेलं.

"काकू," मी म्हटलं, "एवढं मशीन बसवलं, आता ओरडायची काही गरज नाही. दोघांना सांगू का तसं?"

मोठ्या काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "खबरदार सांगशील तर," त्या म्हणाल्या. "किती वरसांनी ऐकतोय आमी."